बुरशी शिकार का करते? तुम्ही विचारलंत म्हणून

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि गेली बरीच वर्षं मातीतल्या एका खास बुरशीच्या मागे आहे, त्यामुळे लग्नात, एसटीत, पालक सभेत, कुठेही विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. शब्द वेगवेगळे असतात पण मतलब तोच. "मॅडम, बुरशीला ना तोंड ना पाय, ती कुजलेल्या पाल्यावर मजेत जगते, मग जिवंत किडे धरून खायची तिला गरजच काय?" परवा शेजारच्या काकूंनी पण विचारलं, आणि मी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत त्यांना दारात उभं राहून सांगत होते, तेव्हाच ठरवलं की एकदा नीट लिहूनच काढू.

आधी शिकार म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण कित्येकांना वाटतं मी वाढवून सांगते. मातीत सूत्रकृमी असतात, इंग्रजीत नेमॅटोड, दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखे, बहुतेक एक मिलिमीटरपेक्षाही लहान, डोळ्याला दिसत नाहीत. पण आहेत किती! पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांची मोजदाद केली तर दर पाचातले चार सूत्रकृमी निघतील असा अंदाज आहे. मूठभर चांगल्या मातीत ते हजारांनी सापडतात. एवढं अन्न आजूबाजूला वळवळत असताना कोणीच ते खायचं शिकलं नसतं तरच नवल. तर काही बुरश्या शिकल्या. त्या आपल्याच धाग्यांचे सापळे बनवतात, त्यात कृमी अडकला की त्याच्या अंगात शिरतात आणि त्याला आतून पचवून टाकतात.

मी पहिल्यांदा हे स्वतः पाहिलं तेव्हा एमएस्सी करत होते. आईच्या परसात पालापाचोळ्याचा खड्डा होता, तिथली चिमूटभर माती आणली. साध्या अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या गोठणाऱ्या पदार्थाच्या प्लेटवर, ज्यात साखर नाही, पेप्टोन म्हणजे प्रोटीनचं खाद्य नाही, नुसतं पाणी आणि अगर, त्यावर ती भुरभुरली. मग वेगळे सूत्रकृमी काढले. ते काढायची रीत अगदी घरगुती वाटते, एक नरसाळं घ्यायचं, त्याच्या नळीला रबरी ट्यूब लावून चिमट्याने बंद करायची, वर जाळीवर टिश्यू पेपर, त्यात माती, आणि माती भिजेल एवढं पाणी. कृमी वळवळत टिश्यूतून खाली उतरतात आणि रात्रभरात ट्यूबच्या तळाशी जमतात, सकाळी चिमटा सैल करून दोन-चार थेंब घेतले की त्यात शेकडो. ते प्लेटवर सोडले आणि रोज बघत बसले. पाच दिवस काही नाही. सात दिवस काही नाही. आठव्या की नवव्या दिवशी प्लेट तिरकी धरली तर उजेडात बारीक उभे देठ चमकताना दिसले, प्रत्येक देठाच्या टोकाला बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांचा म्हणा, घोस, आणि बीजाणू दोन कप्प्यांचे, एक कप्पा मोठा एक लहान, पेरूला मध्ये रेघ मारल्यासारखे. पुस्तकात चित्र पाहिलेलं होतं त्यामुळे बघताक्षणी ओळखलं, आर्थ्रोबॉट्रिस ऑलिगोस्पोरा.

मग सूक्ष्मदर्शकाखाली खाली अगरच्या पातळीवर फोकस नेला तर तिथे जाळी. लोकरीच्या विणकामात सुईवर टाके ओढल्यावर जसे फुगीर फास उभे राहतात ना, तसे धाग्याचे फास, एकात एक गुंतलेले, वर उठलेले. आणि त्यात एक कृमी डोक्याशी चिकटला होता. तो सारखी शेपटी आपटत होता, इतकी की सगळी जाळी हलत होती, आणि आपटता आपटता शेपटी पण दुसऱ्या फासाला लागली आणि तीही चिकटली. त्या फासांवर चिकट पदार्थाचा थर असतो, लागला की सुटत नाही. मी घड्याळ लावून बसले होते, तास होऊन गेला तरी तो हलत होता, मग हळूहळू मंद झाला, मग फक्त टोक हललं, मग तेही नाही. तोपर्यंत बुरशीने त्याच्या कातडीला भोक पाडून आत एक गोळा फुगवलेला असतो आणि त्या गोळ्यातून धागे सुटून कृमीच्या लांबीने वाढायला लागतात. दुसऱ्या दिवशी आत धागेच धागे, तिसऱ्या दिवशी नुसती पारदर्शक पिशवी. मला आजही ते बघताना गलबलतं आणि तरीही नजर हटत नाही.

"पोट नाही तर पचवते कशी" असंही लोक विचारतात, त्याचं उत्तर इथेच मिळतं. आपण अन्न आत घेऊन पचवतो, बुरशी पचनाचे रस बाहेर सोडते आणि तयार झालेलं सार शोषून घेते. भाकरीवर बुरशी येते तेव्हा ती हेच करत असते. सूत्रकृमीची कातडी मुख्यतः कोलॅजेनची, म्हणजे प्रोटीनची असते, तर ही बुरशी प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स सोडते आणि त्याबरोबर धाग्याच्या टोकाचा नेट लावून आत घुसते. रसायन आणि जोर दोन्ही.

हे काही कालपरवा कळलेलं नाही बरं का. झोफ नावाच्या जर्मन संशोधकाने १८८८ मध्येच या आर्थ्रोबॉट्रिसला जिवंत सूत्रकृमी पकडताना पाहून लिहून ठेवलंय. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यात चार्ल्स ड्रेश्लर म्हणून गृहस्थ होते, त्यांनी १९३० च्या दशकापासून अशा एकेक बुरश्या शोधून, हाताने चित्रं काढून त्यांची वर्णनं केली, आणि ती चित्रं इतकी नेमकी आहेत की आजही ओळख पटवायला आम्ही ती उघडतो. फास आवळणाऱ्या बुरश्यांच्या गटाला त्यांचंच नाव आहे, ड्रेश्लरेला.

या फास आवळणाऱ्यांबद्दल थोडं जास्त सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. यांचा सापळा चिकट नसतो. तीन पेशींची एक अंगठी असते, एका छोट्या देठावर उभी. कृमी मातीतल्या पाण्याच्या पापुद्र्यातून सरकत येतो, त्याचं डोकं अंगठीत जातं, आतल्या बाजूला घासतं, आणि त्या तीनही पेशी आतल्या बाजूला फुगतात. वेळ किती? सेकंदाचा दहावा भाग. आकार जवळजवळ तिप्पट. पेशीत धडाधड पाणी शिरतं आणि कृमी मध्ये आवळला जातो, कमरेत पट्टा खेचल्यासारखा. कृमी आला म्हणूनच ती मिटते असंही नाही, नुसती उष्णता लागली तरी मिटते, आणि एकदा मिटली की परत उघडत नाही, एकच संधी. मी ती मिटताना प्रत्यक्ष दोनदाच पाहिलीय आणि दोन्ही वेळा "पाहिलं" म्हणणं खरं नाही, आधी उघडी होती आणि मग मिटलेली होती, मधलं काही दिसलंच नाही. डोळ्यापेक्षा जलद. आणि ही बुरशी! जिच्याबद्दल आपण "बुरशी चढलीय" म्हणजे काहीतरी साचलेलं, पडून राहिलेलं असं बोलतो.

आणखी एक प्रकार आहे ज्यात अंगठी मिटत नाही, नुसती घट्ट बसते, आणि कृमीने जोर लावला की देठापासून तुटते. कृमीला वाटावं सुटलो. तो अंगठी गळ्यात घेऊन निघून जातो, आणि ती अंगठी जिवंतच असते, चालता चालता त्याच्या अंगात शिरते. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता होते.

आता मूळ प्रश्न. गरज काय?

गरज नायट्रोजनची. शेतकरी मंडळी नत्र म्हणतात तोच. पालापाचोळा, लाकूड, काडीकचरा यात कार्बन भरपूर असतो, म्हणजे सेल्युलोज वगैरे, शेवटी साखरच, ऊर्जेला काही कमी नाही. पण नत्र अगदी नाममात्र, लाकडात तर नत्राच्या एका भागामागे कार्बनचे काहीशे भाग असतात. नत्राशिवाय प्रोटीन नाही, एन्झाइम नाही, डीएनए नाही, म्हणजे नवीन धागाच वाढवता येत नाही. नुसता भात खाऊन पोट भरतं पण अंगाला लागत नाही, वरण लागतं, तसं समजा. सूत्रकृमी म्हणजे त्या बुरशीचं वरण. प्रोटीनची चालती फिरती पुडी. त्यामुळे "पाल्यावर मजेत जगते" हे अर्धंच खरं आहे, पाल्यावर ती पोट भरते, वाढायला तिला शिकार लागते.

म्हणूनच ती सतत शिकार करत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच लोक ऐकत नाहीत. सापळा बनवायला खर्च येतो, धागा लांब करायच्या ऐवजी तो वळवायचा, त्यावर चिकट थर चढवायचा, हे फुकट नाही होत. हीच आर्थ्रोबॉट्रिस भरपूर खायला असलेल्या प्लेटवर वाढवा, कृमी सोडू नका, मस्त पांढरी वाढते आणि एक सापळा बनवत नाही. साध्या कुजवणाऱ्या बुरशीसारखी राहते. तिला उपाशी ठेवा आणि कृमी सोडा, चोवीस तासांत जाळी तयार. मग तिला कळतं कसं कृमी आलेत? त्याचं उत्तर २०१३ मध्ये मिळालं आणि मला ते वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती. सूत्रकृमी एकमेकांशी रसायनांनी बोलतात, अस्कारोसाइड म्हणतात त्यांना, त्यावरून त्यांना कळतं की इथे गर्दी किती आहे, जोडीदार आहे का. बुरशी हीच रसायनं ओळखते. म्हणजे ते आपापसात कुजबुजतात आणि ही चोरून ऐकते आणि ऐकून सापळे विणायला घेते. आणि नुसती ऐकत बसत नाही, ती स्वतः वास सोडते, ज्या वासांनी कृमींना अन्नाची किंवा जोडीदाराची चाहूल लागल्यासारखं वाटतं आणि ते तिच्याकडे येतात. ना डोळे ना कान ना मेंदू, आणि हे सगळं.

किती जुनं असेल हे? फ्रान्सच्या नैऋत्य भागात सापडलेल्या अंबरच्या, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या डिंकाच्या, एका तुकड्यात बुरशीच्या बारीक अंगठ्या आणि शेजारीच सूत्रकृमी मिळाले, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वय साधारण दहा कोटी वर्षं. तेव्हा डायनासोर होते.

आता धिंगरी, कारण काकूंना खरं तर तेच विचारायचं होतं. हो, आपण भाजी करतो ती धिंगरी अळिंबी, ऑयस्टर मशरूम, तीही सूत्रकृमी मारून खाते. १९८४ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या थॉर्न आणि बॅरन यांनी हे दाखवून दिलं. आणि का खाते ते आता तुम्हीच सांगाल, धिंगरी जंगलात मेलेल्या लाकडावर वाढते, कार्बन उदंड, नत्राचा दुष्काळ. तिची पद्धत मात्र वेगळी. जाळी नाही, फास नाही, तिच्या धाग्यांवर लॉलीपॉपसारखे बारीक देठावरचे गोळे असतात, त्यात विष. कृमीचं तोंड लागलं, गोळा फुटला, की काही मिनिटांत कृमी लुळा. मग धागे त्याच्याकडे वळतात, तोंडातून आणि शरीराच्या इतर भोकांतून आत जातात. ते विष म्हणजे नेमकं काय हे २०२३ मध्ये तैवानच्या अकादेमिया सिनिका संस्थेतल्या मंडळींनी शोधलं, ३-ऑक्टेनोन नावाचं, हवेत उडून जाणारं एक रसायन. ते पेशींचा पापुद्रा फोडतं, आत कॅल्शियमचा लोंढा जातो आणि ते मरण पेशीपेशीतून सगळ्या अंगभर पसरत जातं.

"मग धिंगरी शाकाहारी कशी?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हे विषाचे गोळे लागवडीच्या पिशवीत काडात पसरणाऱ्या पांढऱ्या धाग्यांवर असतात, आपण तोडून आणतो त्या छत्रीचा हा उद्योग नाही. आणि आपल्याकडे धिंगरी भाताच्या, गव्हाच्या, सोयाबीनच्या काडावर करतात, ते काड आधी गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढून निर्जंतुक केलेलं असतं, त्यामुळे त्या पिशवीत शिकार करायला कृमी राहतातच कुठे. तुमच्या ताटातली धिंगरी काडावरच वाढलेली असते. ज्यांना तरी नको वाटतं त्यांनी नाही खाल्ली तर माझं काहीच म्हणणं नाही, ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण बुरशी ही वनस्पती नाही, हे मात्र मी प्रत्येकाला सांगते. तिच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, कीटकांच्या कवचात असतं ते, ती स्टार्च नाही तर ग्लायकोजेन साठवते, आपल्या यकृतासारखं. वंशवेलीत ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे.

हाच प्रश्न शेतातून येतो तेव्हा त्याचं रूप बदलतं. माझा चुलतभाऊ डाळिंब करतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन, "ताई, झाडं पिवळी पडलीत, मूळ उकरलं तर सगळ्या गाठीच गाठी. दुकानदार म्हणाला किडे खाणारी बुरशी सोड, दोन वेळा सोडली ड्रिपमधून, काही फरक नाही. तुझी बुरशी काम करत नाही." तुझी बुरशी म्हणाला, ते मला लागलं.

त्याला मी जे सांगितलं ते इथे लिहिते कारण डाळिंब, पेरू, टोमॅटो, भेंडी, पॉलीहाऊसमधली काकडी, सगळीकडे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा हा त्रास आहे. पहिली गोष्ट, दुकानात मिळणारं पाकीट बहुतेक वेळा पॅसिलोमायसिसचं असतं, आता त्याचं नाव पर्प्युरिओसिलियम झालंय, किंवा पोकोनियाचं. या बुरश्या चांगल्या आहेत पण त्या फास लावत नाहीत, जाळी विणत नाहीत, त्या कृमीच्या अंड्यांत शिरतात. गाठीतली मादी एका जागी फुगून बसलेली असते आणि चिकट पुंजक्यात तीनचारशे अंडी घालते, ती अंडी यांचं खाणं. म्हणजे आज झालेली गाठ पाकीट टाकून उद्या विरघळणार नाही, गाठ म्हणजे मुळाच्याच सुजलेल्या पेशी आहेत, ती तशीच राहणार. फरक बघायचा तो नवीन पांढऱ्या मुळांवर, आणि तोही लगेच नाही. दुसरी गोष्ट मी त्याला विचारली, त्याच आठवड्यात बुरशीनाशक सोडलं होतंस का? फोनवर शांतता. मर रोगासाठी सोडलं होतं, त्याच ड्रिपमधून, दोन दिवसांच्या अंतराने. जिवंत बुरशी सोडायची आणि मागून बुरशी मारायचं औषध सोडायचं. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही की पाकिटातली पावडर जिवंत आहे, दुकानदाराला पण "औषध" हाच शब्द माहीत.

तिसरी गोष्ट तिच्या भुकेची. जाळी विणणारी बुरशी प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडायचे प्रयत्न कितीतरी झालेत, १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये आर्थ्रोबॉट्रिसचं उत्पादन बाजारातही आलं होतं, पण शेतात ते भरवशाचं ठरत नाही. मातीत आधीच हजार प्रकारचे जीव ठाण मांडून बसलेले असतात, ते उपऱ्याला टिकू देत नाहीत, आणि टिकली तरी खायला दुसरं मिळत असेल तर ती शिकार कशाला करेल. त्यापेक्षा उलट बाजूने गेलेलं बरं. हवाईमध्ये लिनफर्ड यांनी १९३० च्या दशकात अननसाचा पाला बारीक करून मातीत गाडला, पाला कुजताना त्यावर जगणारे निरुपद्रवी सूत्रकृमी वाढले, त्यांच्या मागोमाग त्यांना पकडणाऱ्या बुरश्या जाग्या झाल्या, आणि मुळांना त्रास देणारे कृमीही कमी झाले. बाहेरून काही सोडलं नाही. म्हणून मी भावाला म्हटलं, पाकीट वापरायचंच असेल तर ते आधी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळ, सावलीत ओलसर ठेव पंधरा दिवस, मग झाडाच्या आळ्यात दे. निंबोळी पेंड दे. दोन ओळींमध्ये झेंडू लाव, झेंडूच्या मुळांतला द्रव या कृमींना सोसत नाही. बोडकी जमीन ठेवू नकोस, पाला पडू दे, कुजू दे.

जनावरांच्या बाबतीत मात्र एका शिकारी बुरशीचं छान बस्तान बसलंय. डडिंग्टोनिया फ्लॅग्रन्स नाव तिचं. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारे जंत होतात आणि औषधांना ते जंत आता दाद देईनासे झालेत, हे आपल्याकडचे धनगरही सांगतील. या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू चाऱ्यातून दिले तर ते चारही पोटांतून जिवंत बाहेर येतात, लेंडीत रुजतात आणि तिथेच जाळी विणतात, म्हणजे लेंडीतल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढायच्या आधीच अडकतात. पोटातला जंत मरत नाही, पण पुढची पिढी कुरणात पोचत नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून ती मेंढपाळांना वापरता येते. लेंडीत दुसरे प्रतिस्पर्धी अजून आलेले नसतात आणि शिकार समोरच जन्माला येत असते, म्हणून इथे ती जमते आणि उघड्या शेतात जमत नाही, असं मला वाटतं.

भावाने सांगितलेलं सगळं केलं नाही, झेंडू लावला, शेणखत दिलं, पेंड दिली नाही कारण महाग होती. गेल्या पावसाळ्यात आला तेव्हा झेंडूच्या ओळीतली माती कॅरीबॅगमध्ये घेऊन आला, माझ्यासमोर ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "बघ तुझी बुरशी आहे का यात." मी ती अगरवर टाकली, कृमी सोडले. दहाव्या दिवशी प्लेट तिरकी धरली आणि ते देठ चमकले. मोबाईल आयपीसला लावून व्हिडिओ काढला, थरथरतोय थोडा पण दिसतं नीट, जाळीत एक कृमी आहे आणि शेपटी आपटतोय, तो त्याला पाठवला.

लगेच फोन आला. "ही पाकिटातली?"

म्हटलं नाही रे, पाकिटातली अशी जाळी विणत नाही. ही तुझ्या रानात होतीच.